शितावरून भाताची परीक्षा

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. दोन हजार लिटरच्या रिॲक्टरच्या साइट ग्लासला, म्हणजे आत बघायच्या काचेला, टॉर्च लावून मी आत बघत होते. आतलं द्रावण फिकट पिवळं दिसायला हवं होतं. ते काढ्यासारखं काळपट झालं होतं आणि वर फेस चढत होता. तापमानाचा काटा सहावर होता, म्हणजे मी लिहून दिलेल्या मर्यादेच्या जेमतेम एक अंश वर. बॅच शीटवर सगळं जवळपास बरोबर होतं. फेस मात्र थांबत नव्हता.

नावाआधी डॉ. लागून मला चार महिने झाले होते. कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत रंगांची इंटरमीजिएट्स, म्हणजे रंग बनवण्याच्या वाटेवरची मधली रसायनं, बनवणाऱ्या लहानशा कारखान्यात माझी पहिली नोकरी. ही प्रक्रिया मीच तिथल्या प्रयोगशाळेत बसवली होती. अडीचशे मिलीलिटरच्या फ्लास्कमध्ये अकरा वेळा केली होती आणि अकराही वेळा उतारा नव्वद टक्क्यांच्या वर आला होता. त्या रात्रीची बॅच आम्ही शेवटी ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या, टाकीत सोडली. ती काळी धार वाहून जाताना बघणं मला आजही विसरता आलेलं नाही.

रसायनशास्त्राशी रोजचा संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगते. ॲनिलीनच्या कुळातलं एखादं अमाइन आम्लात विरघळवायचं, बर्फाइतकं गार करायचं आणि त्यात सोडियम नायट्राइटचं पाणी हळूहळू सोडायचं. त्यातून तयार होतो डायझोनियम क्षार. हा फार नाजूक प्रकृतीचा. शून्य ते पाच अंशांत सांभाळला आणि लगेच पुढच्या पदार्थाशी जोडून दिला, तर झळझळीत पिवळा, नारिंगी, लाल रंग देतो. जगात बनणाऱ्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक याच ॲझो कुळातले आहेत. पण जरा ऊब लागली किंवा फार वेळ ताटकळत ठेवला की त्यातला नायट्रोजन फसफसून निघून जातो आणि मागे डांबरासारखा गाळ उरतो.

माझ्या फ्लास्कमध्ये नायट्राइट वीस मिनिटांत टाकून व्हायचं. बर्फ-मिठाच्या पाण्यात फ्लास्क बुडवलेला, चुंबकाची ढवळणी गरगर फिरतेय, थेंब थेंब सोडलं की झालं. कारखान्यात काटा पाचच्या आसपास ठेवायचा म्हणून आम्ही नायट्राइट इतकं सावकाश सोडत होतो की तेच काम सात तास चाललं. त्या सात तासांत आधी तयार झालेला माल वाट बघत बघत मरत होता.

हिशेब इतका साधा आहे की बारावीच्या मुलालाही करता येईल. अडीचशे मिलीलिटरवरून दोन हजार लिटर म्हणजे आकारमान 8000 पट. भांड्याची लांबी-रुंदी वाढते 20 पट, आणि ज्या भिंतीतून उष्णता बाहेर जायची त्या भिंतीचं क्षेत्रफळ वाढतं फक्त 400 पट. म्हणजे दर लिटरमागे गार करायला मिळणारी भिंत विसाव्या हिश्श्यावर येते. हा हिशेब मी परीक्षेत दोनदा लिहिला होता आणि दोन्ही वेळा पूर्ण गुण मिळवले होते. पण तो आपल्याच बॅचला लागू आहे, हे त्या रात्री फेस बघेपर्यंत माझ्या अंगात उतरलं नव्हतं.

आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. घरच्या पातेल्यापुरतं ते खरं आहे. लग्नाच्या आचाऱ्याला विचारा. पाचशे माणसांच्या भाताला तो घरच्या वाटीच्या मापाने पाणी कधीच घालत नाही. मोठ्या भांड्यात वाफ वेगळी जाते, तळ वेगळा तापतो, मधला भात आपल्याच वजनाने दबतो. एक शीत शिजलेलं दाखवून तो पंगत बसवत नाही. मी मात्र माझ्या फ्लास्कमधलं शीत घेऊन थेट पंगतीला गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन ठिकाणी विचारलं. पहिला फोन केला ज्यांच्याकडे पीएचडी केली त्या सरांना. म्हटलं, सर, हा क्षार कोणत्या तापमानाला किती वेळात विघटित होतो हे मोजायला हवंय, आपल्या प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याला देता येईल का? सर मनाने वाईट नव्हते. शांतपणे म्हणाले, "अगं, पण यात नवीन काय आहे? याचा पेपर होणार नाही." मग मालकांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, एखाद्या संस्थेतल्या तज्ज्ञाला बोलावू या, दोन दिवसांत उलगडा होईल. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "मॅडम, कॉलेजवाल्यांना काही दाखवायचं नाही. आज त्यांना दाखवलं की उद्या शेजारच्या प्लॉटवर आपला माल तयार होतो."

एका सकाळी, तासाभराच्या अंतराने ऐकलेली ही दोन वाक्यं. त्यानंतरची माझी अठरा वर्षं, आधी कारखान्यांत आणि नंतर शिकवण्यात, या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत गेली आहेत. उच्च शिक्षण, संशोधन आणि उद्योग यांच्या नात्यावर परिसंवाद भरतात तेव्हा मला ती सकाळच आठवते.

उत्तर शेवटी आलं ते मामांकडून. मामा म्हणजे आमचे सर्वांत जुने ऑपरेटर. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. कोकणात येण्याआधी त्यांनी डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली होती. चहाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, एक बोलू काय? बाहेरून किती गार कराल? आग पोटात आहे. बर्फ पोटात टाका."

मी आधी नाही म्हटलं. बर्फ टाकला की पाणी वाढणार, संहती बदलणार, मी बसवलेलं सगळं माप मोडणार. मग वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. एक किलो बर्फ नुसता वितळताना साधारण 80 किलोकॅलरी उष्णता पिऊन टाकतो, आणि ती भिंतीतून बाहेर न्यावी लागत नाही, जिथे निर्माण होते तिथेच संपते. प्रक्रिया पाण्यातच चालणारी, त्यामुळे थोडं पाणी वाढून बिघडणारही काही नव्हतं. सुरुवातीचं पाणी तेवढं कमी घ्यायचं आणि भांड्यात जागा सोडायची.

बर्फ आणला बंदरावरच्या कारखान्यातून. मच्छीमारांच्या बोटींना जातो तोच, लाद्यांचा, भुशात गुंडाळलेला. टेम्पोला बांगड्याचा वास येत होता. लाद्या धुऊन, फोडून, घमेल्या-घमेल्याने आत टाकल्या. नायट्राइट पाऊण तासात संपलं. मामांनी काचेच्या कांडीने एक थेंब काढून स्टार्च-आयोडाइडच्या पट्टीवर ठेवला. पट्टीवर लगेच निळा ठिपका उमटला, म्हणजे नायट्राइट किंचित जास्त आहे, काम पूर्ण झालं. साइट ग्लासमधून बघितलं तर द्रावण लिंबाच्या सरबतासारखं स्वच्छ होतं.

पुढे एकदा मुंबईला ग्रंथालयात बसून मी रंगरसायनाची जुनी पुस्तकं चाळली. बर्फ थेट भांड्यात टाकायची पद्धत त्यांत सरळ लिहिलेली होती, नेहमीची गोष्ट असल्यासारखी. मामांना ती कुणीतरी शिकवली असणार, त्या कुणाला तरी आणखी कुणीतरी, आणि या साखळीच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी एखादा प्राध्यापक उभा असणार. माझ्या शिक्षणात ती साखळी मधेच तुटली होती, एवढंच.

तेव्हापासून मला या साखळ्यांचा नाद लागला.

आपल्याकडची सर्वांत जुनी साखळी रंगाचीच निघते. मुंबई विद्यापीठाने 1933 साली रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला, ज्याला सगळे यूडीसीटी म्हणायचे आणि आता आयसीटी म्हणतात. तो कुणाच्या तरी हौसेने निघालेला नव्हता. मुंबईत कापडाच्या गिरण्या होत्या आणि त्यांना रंगाई, छपाई, ब्लीचिंग जाणणारी माणसं हवी होती. सुरुवातीलाच कापड रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे दोन विषय तिथे शेजारी शेजारी शिकवले जाऊ लागले. हे शेजारी असणं मला फार मोलाचं वाटतं. फ्लास्कवाला आणि भांडंवाला एकाच व्हरांड्यात भेटणार.

1938 साली त्या विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले के. वेंकटरामन. मूळचे मद्रासचे, मँचेस्टरला शिकलेले. सेंद्रिय रसायनशास्त्रातली एक पुनर्रचना अभिक्रिया त्यांच्या नावाने जगभर शिकवली जाते. म्हणजे शुद्ध विज्ञानात त्यांचं स्थान वादातीत. तरीही आयुष्यभराचा विषय त्यांनी निवडला तो कृत्रिम रंग, बाजारातली, हातांना डाग पाडणारी वस्तू. 1957 मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्याकडे तिथे पीएचडी करणाऱ्यांत माटुंग्याच्या याच यूडीसीटीतून आलेले ए. व्ही. रामाराव होते.

इथून ही साखळी कुठे जाते बघा. सदाफुली आपल्या प्रत्येकाच्या कुंपणाशी असते. देवाला वाहायला दोन फुलं खुडतो, बाकी तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तिच्या पानांत व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही रक्ताच्या कर्करोगावर वापरली जाणारी औषधं असतात, पण इतकी कमी की शेकडो किलो वाळलेल्या पानांतून एखादा ग्रॅम हाती लागावा. ती वेगळी काढण्याची पद्धत एनसीएलमध्ये बसवली गेली आणि 1984 साली सिप्लाने ही औषधं भारतात तयार केली. पुढे रामाराव हैदराबादच्या सरकारी रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. एड्सवरच्या एझेडटी या औषधाची स्वस्त पद्धत तिथे तयार झाली आणि 1993 मध्ये सिप्लाने ते बाजारात आणलं. 2001 साली याच कंपनीने तीन औषधांचा मिळून वर्षाचा उपचार 350 डॉलरमध्ये देऊ केला. दिवसाला एक डॉलरही नाही. आफ्रिकेतल्या लाखो माणसांच्या जगण्या-मरण्याचा हिशेब त्या आकड्याने बदलला.

गिरण्यांच्या रंगाईसाठी निघालेला एक विभाग, त्यातला रंगाचा एक शिक्षक, त्याचा एक शिष्य आणि शेवटी एड्सचं औषध. हे सगळं कुणी आधी आराखड्यात लिहिलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

पण हे केवळ चांगल्या माणसांच्या योगायोगाने घडलं असंही मी मानत नाही. मागे एक कायदा होता. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. 2005 पर्यंत हीच स्थिती होती. त्यामुळे तीच गोळी दुसऱ्या वाटेने, कमी पैशात बनवता येते का, या प्रश्नाला भारतात एकाएकी किंमत आली. कारखानदाराला वाट शोधणारा रसायनतज्ज्ञ हवा होता आणि प्रयोगशाळेत तो बसलेला होता. उद्योगाला उत्तर बाहेरून विकत आणता येत नसेल आणि त्यावाचून त्याचं चालतही नसेल, तेव्हाच तो विद्यापीठाचं दार मनापासून वाजवतो. कटू वाटलं तरी माझा अनुभव हाच आहे.

याची दुसरी बाजूही रंगातच आहे, आणि ती आपल्याला फार महागात पडली. निळीचा रेणू प्रयोगशाळेत बनवला 1880 साली, जर्मनीतल्या अडॉल्फ फॉन बायर यांनी. पण बाजारात विकता येईल अशी कृत्रिम नीळ यायला 1897 उजाडलं. मधली सतरा वर्षं बीएएसएफ ही कंपनी पैसा ओतत राहिली, प्राध्यापकांशी करार करत राहिली, एकामागून एक वाटा बंद होत राहिल्या. एक अडथळा होता निळीसाठी लागणारं थॅलिक ॲनहायड्राइड नॅफ्थलीनपासून स्वस्तात बनवण्याचा. असं सांगतात की तापलेलं मिश्रण ढवळताना तिथल्या रसायनतज्ज्ञाचा थर्मामीटर फुटला, त्यातला पारा आत सांडला आणि अडून बसलेली अभिक्रिया धावू लागली. पाऱ्याचा क्षार हा उत्प्रेरक निघाला.

ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. मुलं नशिबावर चर्चा करतात. मला मात्र त्या सतरा वर्षांबद्दल बोलायचं असतं. थर्मामीटर कुठेही फुटतो. पण फुटल्यावर आत काय झालं हे बघणारा शिकलेला माणूस त्या भांड्यापाशी पगारावर उभा होता, आणि इतक्या वर्षांनंतरही कंपनीने ते काम चालू ठेवलं होतं. कंपनीने ते काम दुसऱ्या वर्षीच बंद केलं असतं तर पारा जमिनीवरून पुसून टाकला गेला असता.

त्यानंतर बिहारमधली नीळ कोसळली. मळेवाल्या गोऱ्यांनी आपला तोटा वाढीव खंडाच्या रूपाने कुळांच्या गळ्यात घातला, आणि 1917 मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते त्याच कुळांसाठी. शाळेत आपण चंपारण इतिहासाच्या तासाला शिकतो आणि नीळ रसायनशास्त्राच्या. दोन्ही एकाच तासाला शिकवायला हवेत असं मला फार वाटतं.

हे सगळं आपल्या जुन्या माणसांना कळत नव्हतं असं नाही. त्रिभुवनदास गज्जर हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. त्याआधी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी 1890 साली बडोद्याला कलाभवन उभं केलं होतं, आणि तिथे रंगाई हा शिकवण्याचा विषय होता. चापेकर बंधूंनी मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं, तेव्हा तो डाग संगमरवरावरून कुणाला काढता येईना. तो काढला गज्जरांनी. आपल्या मनात चापेकरांची जागा वेगळी आहे, ती तशीच राहील. पण संगमरवराला धक्का न लावता त्यात मुरलेलं डांबर काढणं हे रसायनशास्त्राचं अस्सल काम होतं, आणि ते एका कॉलेजच्या मास्तरांनी केलं. 1907 मध्ये निघालेल्या अलेंबिक कंपनीच्या मुळाशीही हेच गज्जर होते.

आणि तळेगावचा पैसा फंड. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर जाऊन एकेक पैसा मागितला, लोकमान्य टिळक पाठीशी उभे राहिले आणि 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. त्या कारखान्यातच मुलांना काचकाम शिकवलं जायचं. वर्ग आणि भट्टी एकाच आवारात. तिथे शिकलेली मुलं पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली. एक पैशाच्या वर्गणीतून लोकांनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं हे तंत्रशिक्षण आठवलं की मला अभिमानही वाटतो आणि वाईटही वाटतं.

वाईट अशासाठी की आज पैसा तेव्हाच्या मानाने अफाट आहे, आणि वर्ग नि भट्टी एकमेकांपासून मैलोगणती दूर आहेत.

आकड्यांत बोलायचं तर 2020-21 मध्ये भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के होता, आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे 36 टक्के. अमेरिकेत किंवा दक्षिण कोरियात हाच वाटा सत्तर टक्क्यांच्या पुढे आहे. सरकारने हात आखडता घेतला आहे असंही म्हणता येत नाही. 2023 मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा झाला, 2025 मध्ये खासगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. मी या दोन्हींचं मनापासून स्वागत करते. माझी काळजी वेगळी आहे. तो पैसा ज्याच्याकडे संशोधन विभाग आहे त्याच्यापर्यंत पोहोचेल. ज्या कारखान्यात वीस कामगार, एक केमिस्ट आणि एक बंद पडलेला पीएच मीटर आहे, त्याचं काय? आपल्या औद्योगिक वसाहतींत रांगेने असेच कारखाने आहेत, आणि नद्यांत जाणाऱ्या पाण्याचा रंगही त्यांच्याच हातात आहे.

मी आता एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे सामंजस्य करारांची एक जाड फाइल आहे. करार होतो तेव्हा शाल, श्रीफळ, फोटो होतो. मूल्यांकन समिती येते तेव्हा ती फाइल टेबलावर येते. त्यातल्या बहुतेक कारखान्यांत आमचा एकही शिक्षक आठवडाभर राहिलेला नाही, आणि त्यांच्यापैकी कुणीही कधी आमच्या प्रयोगशाळेत बिघडलेल्या मालाची बाटली घेऊन आलेलं नाही. मुलांना इंटर्नशिपचं प्रमाणपत्र मिळतं. काही ठिकाणी मुलं महिनाभर नुसती गेटजवळच्या खोलीत बसून येतात. मुलांचा त्यात काही दोष नाही. त्यांना रिॲक्टरपाशी उभं करायची जबाबदारी घ्यायला कुणी तयार नसतं.

आम्ही शिक्षक आमच्या बाजूला काय करतो? पेपर मोजतो. बढतीला पेपर, मानांकनाला पेपर. यूजीसीने 2022 च्या नियमांत पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलेलाच हवा ही सक्ती काढून टाकली, हे फार बरं झालं, पण सवय एवढ्यात जात नाही. कारखान्यातला प्रश्न सोडवायला आठ महिने लागतात आणि शेवटी हाती येतं एक पान: ढवळणीचे फेरे अमुक, थंड करण्याचा वेग तमुक. त्या पानाला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

माटुंग्याची गोष्ट मी पुन्हा पुन्हा काढते ती यासाठीच. तिथे प्राध्यापकांनी उद्योगांना सल्ला देणं हे चोरून करायचं काम मानलं गेलं नाही. एम. एम. शर्मा केंब्रिजहून परतून सत्ताविसाव्या वर्षी तिथे प्राध्यापक झाले. कारखान्यांच्या प्रश्नांत ते आकंठ बुडालेले असायचे, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो होणारे पहिले भारतीय रासायनिक अभियंताही तेच. रघुनाथ माशेलकर हे त्यांचे विद्यार्थी. माशेलकर एनसीएलचे संचालक असताना पॉलिमरमधल्या कामाची अमेरिकी पेटंटं घेतली गेली, आणि जनरल इलेक्ट्रिकसारखी कंपनी आपणहून पुण्याला सहकार्य मागायला आली. कारखान्याच्या चिखलात पाय घातला की विज्ञान पातळ होतं, ही भीती मला या माणसांकडे बघून निराधार वाटते. उलट, प्रश्न जितका खरा तितकं खोल जावं लागतं.

आता जवळचं एक उदाहरण. तीन वर्षांपूर्वी औषधाचं इंटरमीजिएट बनवणारे एक कारखानदार, माझ्या जुन्या ओळखीचे, भेटायला आले. त्यांचा माल सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रातून, ओलाच निघायचा, वाळवायला दोन-दोन दिवस लागायचे. मी म्हटलं, सॅम्पल द्या. ते थबकले. मला आमच्या जुन्या मालकांचा चहाचा कप आठवला. मी सांगितलं, नाव नको, रचना नको, नुसती पावडर द्या आणि माझ्या दोन मुलांना एक बॅच बघू द्या. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले.

मुलांनी पावडर सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळे स्फटिक सुईसारखे, बारीक, एकमेकांत गुंतलेले, ओल्या कापसासारखे. असा गोळा पाणी धरून ठेवणारच. मग कारखान्यात जाऊन बघितलं तर घाई म्हणून गरम द्रावणाच्या भांड्याभोवतीच्या जॅकेटमध्ये थेट ब्राइन, म्हणजे खूप गार केलेलं मिठाचं पाणी, सोडत होते. झटकन गार केलं की असंख्य बारीक स्फटिक एकदम जन्मतात, वाढायला कुणालाच जागा राहत नाही. मुलांनी आधी साधं पाणी, मग चिलिंग, आणि मधे योग्य तापमानाला मूठभर तयार स्फटिकांचं विरजण, असा क्रम बसवला. विरजण हा शब्द त्यांचाच, आणि मला तो पाठ्यपुस्तकातल्या शब्दापेक्षा आवडला. आता तो माल एका रात्रीत वाळतो. पेपर झाला नाही. त्यातला एक मुलगा त्याच कारखान्यात लागला आणि दर दोन-तीन महिन्यांनी नवा प्रश्न घेऊन येतो. करार वगैरे काही केलेला नाही.

मला या नात्याबद्दल जे म्हणायचंय ते या मुलाच्या येण्या-जाण्यात आहे. ज्ञान कागदावरून कारखान्यात जात नाही. ते माणसाबरोबर जातं, माणसाच्या हातून जातं, आणि येताना प्रश्न घेऊन येतं. जिथे अशी ये-जा करणाऱ्याला दोन्हीकडे मान आणि पगार मिळाला तिथे काहीतरी घडलं. मी ज्या कारखान्यात होते तिथे पुढच्या मंदीत सर्वांत आधी बंद झाली ती आमची प्रयोगशाळा. मामा म्हणाले होते, "डोळे काढून चष्मा ठेवला यांनी."

यूजीसीने 2022 पासून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' अशी सोय केली आहे. पीएचडी नसली तरी आपल्या क्षेत्रात मुरलेल्या तज्ज्ञाला शिकवायला बोलावता येतं. तिच्या निकषांत मामा बसत नाहीत, ते सातवी शिकलेले. म्हणून गेल्या जानेवारीत मी त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. निवृत्त होऊन चिपळूणजवळ गावी असतात. एसटीने आले, येताना मुलांसाठी घरचे कोकमाचे आगळ घेऊन.

भाषण करायला तयार होईनात. म्हणाले, ताई, मला नुसतं दाखवा मुलं काय करतात ते. कधीतरी मॅडमची ताई झाले होते मी. प्रयोगशाळेत ते टेबला-टेबलापाशी थांबत गेले. पाचशे मिलीलिटरच्या एका फ्लास्कपाशी बराच वेळ उभे राहिले. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, बॅच बिघडतेय हे तुम्हाला आधी कसं कळायचं?"

"आवाजावरून," मामा म्हणाले. "आत घट्ट व्हायला लागलं की मोटरचा सूर जड होतो. बैल चढ चढताना कसा श्वास घेतो, तसा. मीटर नंतर सांगतो, मोटर आधी सांगते."

ती मुलगी दुसऱ्या दिवशी मागणीपत्र घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. ढवळणीच्या मोटरला लावायला ॲमीटर हवा होता. द्रव घट्ट झाला की मोटर जास्त वीज ओढणार, मग आजोबांना ऐकू येतं ते आपल्याला आलेखात बघता येईल, असं तिचं म्हणणं. मी सही केली. गेले दोन महिने ती रोज संध्याकाळी नोंदी करते आहे. फरक अजून नीट दिसत नाही. पाचशे मिलीलिटर ढवळताना मोटर दमणार कशाला, मॅडम, मोठं भांडं लागेल, असं परवा म्हणाली. स्फटिकांच्या त्या कारखान्यात पन्नास लिटरचं एक जुनं भांडं वापराविना पडून आहे. ते मागायला आम्ही दोघी येत्या मंगळवारी जातोय.